व्हॅनिलाचा चहा : कृती आणि पारख

माळव्यात पाहुणा उंबरठ्याच्या आत आला की आधी पाणी, मग चहा आणि त्यानंतर कामाचे बोलणे, हा क्रम ठरलेला आहे. देवासच्या टेकडीखालची पेठ असो की धारमधील जुना वाडा असो, चहा म्हणजे दूध, साखर, आले आणि पत्ती एकत्र घालून खळखळ उकळलेला, दाट, तांबूस चहा. आमची मायबोली कोंकणी. लहानपणी आमच्या घरी 'च्या' होई तो याहून पातळ असे. तथापि इतकी वर्षे माळव्याचे पाणी प्यायल्यावर आम्हीही येथल्या चहाचेच होऊन गेलो आहोत. चहाविषयी आपणांस आणखी काही शिकावयाचे उरले आहे, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्यात तो भ्रम दूर झाला. त्याची हकीकत आणि त्यानिमित्त मिळविलेली माहिती विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या एका स्नेह्यांच्या ओळखीने मॉरिशसमधील एक मराठी कुटुंब आमच्याकडे दोन दिवस उतरले होते. एक वृद्ध आजीबाई, त्यांचे चिरंजीव आणि कॉलेजात शिकणारी नात, अशी तीन माणसे. ती मांडू पाहून, धारवरून देवासला आली होती. नात शाळेत मराठी शिकलेली असल्याने शुद्ध बोले. आजीबाईंचे मराठी तुटक, पण कानाला गोड. त्यांनी येताना आमच्यासाठी त्यांच्या देशातील चहाचा पुडा आणला होता. पुडा उघडताच खिरीची आठवण व्हावी असा मंद, गोड सुवास घरभर पसरला. तो व्हॅनिलाचा होता. आम्ही मोठ्या हौसेने तो चहा आमच्या रीतीने केला. आले ठेचून घातले, दूध ओतले, साखर टाकली आणि पातेले दहा मिनिटे उकळू दिले. आजीबाईंनी अर्धा कप घेतला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "गुरुजी, चहा चांगला आहे, पण मी आणलेला चहा कुठे आहे?"

त्यांना वाटले, पुडा आम्ही जपून ठेवला आणि घरचाच चहा त्यांना दिला. त्यांच्या हातातला चहा हाच तो चहा होता, हे सांगताना आम्हांस किती संकोच वाटला, ते येथे लिहीत नाही. सुमारे पाच हजार किलोमीटरांवरून आलेली भेट आम्ही दहा मिनिटांत ओळख न पटण्याजोगी करून टाकली होती.

मराठी माणूस आणि व्हॅनिलाचा चहा यांची गाठ कशी पडली, हे आधी सांगितले पाहिजे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानातील जवळजवळ पाच लाख माणसे कराराने बांधलेले मजूर म्हणून मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरविली गेली. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ती उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला. या लोकांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, आणि त्यांपैकी पुष्कळ रत्नागिरीकडील कोकणातले. उसाच्या मळ्यांत राबून ते तेथेच स्थायिक झाले. आज त्यांचे वंशज घरी बहुधा क्रिओल बोलतात. परंतु गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणातील जाखडी नाच तेथे 'झाकरी' या नावाने अद्याप जिवंत आहे. त्या बेटाच्या दक्षिण भागात चहाचे मळे आहेत. १८९२ साली सुरू झालेला ब्वा शेरी हा त्यांतील प्रसिद्ध मळा होय. व्हॅनिलाचा सुवास दिलेला काळा चहा ही तेथील खास चीज; दूध व साखर घालून तो घरोघरी पितात. आपल्याकडे वेलची वा गवती चहा जसा, तसा त्यांच्याकडे व्हॅनिला. म्हणजे आजीबाईंनी आणलेला पुडा ही चैनीची वस्तू नव्हती. ती त्यांच्या रोजच्या सकाळीची ओळख होती.

आता या चहाचे दोन घटक वेगवेगळे पाहू. पहिला घटक काळा चहा. हिरवा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे नव्हेत. एकाच झाडाच्या कोवळ्या पानांवर होणाऱ्या निरनिराळ्या संस्कारांची ती फळे आहेत. काळ्या चहासाठी पाने आधी पसरून कोमेजू देतात, मग ती चुरडतात अथवा यंत्रात कापून त्यांचे दाणे करतात. पान चुरडले की त्यातील रस हवेतील प्राणवायूच्या संपर्कात येतो आणि हिरवे पान तांबूस होऊ लागते. कापलेले सफरचंद काळवंडते तोच हा प्रकार. पुष्कळ लोक यास 'आंबवणे' म्हणतात. वस्तुतः तेथे जंतूंचे काम मुख्य नसते, पानातीलच एक विकर आणि प्राणवायू हे काम करतात. या क्रियेत पानातील तुरट द्रव्यांपासून दोन नवी द्रव्ये तयार होतात. थिआफ्लेविन हे चहास सोनेरी झाक आणि तरतरी देते, तर थिआरुबिजिन हे लालसर रंग आणि भरीवपणा देते. योग्य वेळी पाने तापवून वाळविली की क्रिया थांबते. आपल्या पेठेत मिळणारा दाणेदार चहा बहुधा कापून केलेला असतो. तो लवकर उतरतो, रंग गडद देतो व दुधापुढे टिकतो. लांब वळलेल्या पानांचा चहा सावकाश उतरतो, परंतु त्याचा सुवास नाजूक असतो.

दुसरा घटक व्हॅनिला. आईसफ्रुटातील पांढरा रंग म्हणजे व्हॅनिला, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. व्हॅनिला ही एका वेलीची शेंग आहे. ती वेल ऑर्किडच्या कुळातील असून मूळची मेक्सिकोकडील. शेंग हिरवी असताना तिला सुवास नसतो. वेलीवर आठनऊ महिने राहिल्यावर ती काढतात, थोडा वेळ गरम पाण्यात बुडवितात, मग गुंडाळून घाम आणतात आणि सावकाश वाळवून महिनोन्‌महिने मुरू देतात. तेव्हा कोठे ती काळसर, लवचिक होते आणि शर्करेशी बांधलेले सुगंधी द्रव्य मोकळे होते. त्या द्रव्याचे नाव व्हॅनिलिन. मुरलेल्या शेंगेत ते शेकडा दोन भागांच्या आसपास असते. त्याखेरीज दुसरी दोनशेच्या वर द्रव्ये अल्पांशाने असतात.

ही वेल युरोपीय लोकांनी हिंदी महासागरातील बेटांवर नेली. मॉरिशसपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर रियुनियन हे बेट आहे. त्यास तेव्हा बूर्बो म्हणत. तेथे १८२० च्या सुमारास वेल लावली गेली. ती वाढली, फुलली. पण शेंग धरीना. कारण मेक्सिकोत परागीकरण करणारे कीटक येथे नव्हते, आणि फुलातील पराग व स्त्रीकेसराग्र यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. शिवाय फूल सकाळी उमलून त्याच दिवशी कोमेजते. बेल्जियममधील मोरें या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ साली हाताने परागीकरण साधले खरे, परंतु ती रीत मळ्यांत रुजली नाही. १८४१ साली रियुनियनवर एदमों नावाच्या मुलाने ही अडचण सोडविली. तो गुलाम होता आणि त्याचे वय बारा वर्षांचे होते. बारीक काडीने त्याने तो पडदा वर उचलला आणि अंगठ्याने पराग अलगद दाबून दिला. एवढीच कृती, काही क्षणांत होणारी. आजही जगभर व्हॅनिलाची फुले मुख्यतः याच रीतीने एकेक करून हाताने फळविली जातात.

पुढे काय झाले, तेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. त्या रीतीमुळे बेटावरील मळेवाले श्रीमंत झाले. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शोध आपलाच असल्याचे सांगून पाहिले; परंतु एदमोंच्या मालकाने मुलाची बाजू घेऊन श्रेय त्याचे त्यास दिले. १८४८ साली गुलामगिरी संपली तेव्हा त्यास 'आल्बियस' हे आडनाव मिळाले, पण धन मिळाले नाही. १८८० साली तो दारिद्र्यातच वारला. इयत्ता सातवीतील मुलाच्या वयाचा हा बालक. सगळ्यांसमोर असलेले फूल त्याने नीट पाहिले, हेच त्याचे मोठेपण.

व्हॅनिला इतकी महाग का, याचे उत्तर वरील हकीकतीत आलेच आहे. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग शोधला. १८७४ साली टीमन आणि हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनी देवदाराच्या जातीच्या झाडातील द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. आज जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलाच्या सुवासाचा फारच थोडा भाग खऱ्या शेंगेतून येतो, बाकीचा कारखान्यातून. कारखान्यातील व्हॅनिलिन विषारी वा निंद्य आहे असे नव्हे. रेणू तोच आहे. मात्र शेंगेतील इतर शेकडो अल्पांश त्यात नसतात, म्हणून त्याचा वास सरळ आणि एकसुरी असतो. शेंगेच्या वासाला मनुका, ओले लाकूड, किंचित धूर अशा अनेक छटा असतात. पुड्यावर सुवास नैसर्गिक की कृत्रिम हे लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे. आपल्या देशात केरळ व कर्नाटकातील शेतकऱ्यांनीही ही वेल लावली. २००३ च्या सुमारास शेंगांचा भाव अफाट चढला आणि पुष्कळांनी सुपारी-नारळीच्या बागांत तिला आधार दिला. परंतु थोड्याच वर्षांत भाव कोसळला आणि अनेकांचे कष्ट मातीमोल झाले. सुवासाच्या मागे अशी माणसे उभी असतात.

आता कृतीकडे वळू. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीबाईंनी आमच्या स्वयंपाकघरात स्वतः चहा केला. आम्ही वही घेऊन शेजारी उभे राहिलो. त्यांनी प्रथम पाणी मागितले. आमच्या कूपनलिकेचे पाणी उकळल्यावर भांड्याच्या कडेस पांढरा थर दिसला, तेव्हा त्यांनी मान हालविली. माळव्याची जमीन काळ्या दगडाची. खोल कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यातील चुन्याचा चहातील द्रव्यांशी संयोग होऊन वर तेलकट साय धरते, रंग मळकट होतो आणि सुवास मंदावतो. देवासकरांस पाण्याची किंमत निराळी सांगावयास नको. १९९० साली येथे आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल. म्हणून चहासाठी साठविलेले पावसाचे पाणी अथवा नळाचे हलके पाणी मिळाल्यास उत्तम. पावसाचे असेल तर ते गाळून, नीट उकळून घ्यावे. आम्ही नळाचे पाणी दिले आणि साय धरली नाही.

नंतरची कृती अशी. एका कपास, म्हणजे सुमारे दीडशे घनसेंटिमीटर पाण्यास, दोन ते अडीच ग्रॅम चहा घ्यावा. सपाट भरलेला एक लहान चमचा पुरेसा होतो. किटली अथवा झाकणाचे भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, म्हणजे पाण्याची उष्णता भांडे गिळीत नाही. पाण्यास नुकतीच खळखळून उकळी आली की ते पत्तीवर ओतावे. आपले पठार समुद्रसपाटीहून पाचशे मीटरांच्या वर असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशांस उकळते. काळ्या चहास तेवढे पुरते. लगेच झाकण ठेवावे, कारण सुवास म्हणजे वाफेबरोबर उडणारी द्रव्येच होत. तीन ते चार मिनिटे घड्याळ लावून थांबावे आणि गाळून घ्यावा. पत्ती विस्तवावर उकळू नये. उकळल्याने सुवासाचे हलके अंश उडून जातात, तुरट अर्क अधिक उतरतो, आणि जे काही उरते ते त्या कडूपणाखाली दबते. आले वा मसाला यांत मुळीच घालू नये; तीव्र वासापुढे व्हॅनिला बोलत नाही. दूध घालावयाचे असल्यास निराळे तापवून एकदोन चमचे शेवटी घालावे. दुधातील प्रथिने तुरटपणा ओढून घेतात, म्हणून चहा मऊ लागतो. साखर थोडीच, का, ते पुढे कळेल.

बाजारात असा चहा न मिळाल्यास घरीही करता येतो. चांगला काळा चहा पाव किलो घ्यावा. व्हॅनिलाची एक मुरलेली शेंग उभी चिरून तिचे तीनचार तुकडे करावे, ते चहात मिसळून काचेच्या बरणीत घट्ट झाकून पंधरा ते वीस दिवस अंधारात ठेवावे व मधूनमधून बरणी हालवावी. वाळलेली पत्ती भोवतालचा वास चटकन शोषून घेते. या गुणाचाच हा उपयोग आहे. याच कारणास्तव चहाचा डबा हिंगाच्या वा मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये, हे गृहिणींस ठाऊकच आहे.

राहिली पारख. कोलकाता, गुवाहाटी येथील चहाच्या लिलावापूर्वी चहा चाखणारे तज्ज्ञ रोज अनेक कप तपासतात. तुलनेसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८० साली ठरलेले आहे : शंभर घनसेंटिमीटर पाण्यास दोन ग्रॅम चहा, वेळ सहा मिनिटे. असा चहा पिण्यास कडक लागतो. पण दोष लपत नाहीत. तज्ज्ञ प्रथम कोरडी पत्ती पाहतो व हुंगतो, मग भिजलेली पत्ती हुंगतो, नंतर अर्काचा रंग पाहतो आणि शेवटी चमचाभर चहा जोराने, आवाज करून ओढतो. घरी आपण मुलांना असे भुरकू नका म्हणून दटावतो. पण येथे त्यास कारण आहे. भुरकल्याने चहाचे तुषार होऊन ते सर्व तोंडात पसरतात आणि त्यांचा वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो. व्हॅनिलाच्या चहात तीन गोष्टी तपासाव्या : सुवासाखाली चहा स्वतः जाणवतो की नाही, तुरटपणा स्वच्छ आहे की जिभेस ओरबाडतो, आणि घोट गिळल्यावर सुवास मागे रेंगाळतो की एकदम तुटतो. कधी कधी हलक्या प्रतीचा चहा भरपूर सुवासाखाली झाकला जातो. पहिली कसोटी त्यासाठीच आहे.

पाहुणे गेल्यावर उरलेला चहा आम्ही नववीच्या वर्गात नेला. वीस विद्यार्थ्यांपुढे दोन दोन पेले ठेवले. 'अ' मध्ये साधा काळा चहा, 'ब' मध्ये व्हॅनिलाचा. दोहोंचा रंग सारखा. साखर वा दूध कशातच नाही. कोणता अधिक गोड आहे, ते शेजाऱ्यास न विचारता चिठ्ठीवर लिहा, असे सांगितले. सोळा जणांनी 'ब' लिहिले, तिघांनी 'थोडा फरक' असे लिहिले. एका चिठ्ठीवर मात्र होते : 'दोन्ही सारखे. दोन्ही तुरट.' वर्ग हसला. लिहिणारा मुलगा खाली मान घालून बसला. त्याने नीट चाखलेच नाही, असे आमच्याही तोंडी येणार होते. इतक्यात तो शिंकला. त्यास चार दिवस पडसे होते.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की सबंध वर्गात तंतोतंत खरे उत्तर त्या एकट्याचे होते. व्हॅनिलात गोडी मुळीच नसते. शुद्ध व्हॅनिलिन जिभेस कडवटच लागते. खीर, केक, आईसफ्रूट यांच्या संगतीने तो वास आपल्या मनात गोडीशी जोडला गेला आहे, म्हणून नाकाने वास सांगितला की मन जिभेच्या नावावर गोडी लिहून ठेवते. चहात साखर थोडी पुरते, ती याचमुळे. ज्याचे नाक बंद होते त्याने फक्त जिभेची साक्ष दिली. आम्ही साऱ्या वर्गास नाक चिमटीत धरून 'ब' चा घोट घेण्यास सांगितले. व्हॅनिला नाहीसा झाला, नुसता तुरटपणा उरला. मग चिमटी सोडावयास सांगितली, आणि एकदम वर्गभर "आला, आला" असा गलका झाला. हा प्रयोग घरी कोणासही करता येईल. चहा कोमट असावा, इतकी काळजी घ्यावी. लहान मुलांस चहाची सवय लावू नये. आणि कोणीही जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्यातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह शरीरास मिळू देत नाहीत. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पुड्याच्या तळाशी दोन चमचे चहा उरला होता. तो आम्ही बाटलीत बंद करून ठेवला. आठ दिवसांनी त्या मुलाचे पडसे उतरल्यावर त्यास मधल्या सुटीत शिक्षकखोलीत बोलावले आणि आजीबाईंच्या रीतीने, चार मिनिटे झाकून, दोन कप चहा केला. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, आणि विचारले, "सर, त्या दिवशीही हा असाच होता?"

असाच होता, असे आम्ही सांगितले. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही तेच होते.